चीवरांवरचा कर

कळमन्याच्या बाजारात मनकर्णाबाई गजभिये यांनी एकतीस वर्षं धान्याची पोती शिवली. तूर असो की चणा, वजन झालं की पोत्याचं तोंड त्यांच्या हातात. आता त्या पासष्टीच्या आहेत, पण गावाला निघताना पिशवीत दाभण आणि सुतळी असतेच. करोनाच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही बावीस जण थायलंडचे बुद्धविहार पाहायला गेलो, तेव्हाही होती. त्यांच्या दोन्ही मुलींना मी शाळेत शिकवलं होतं, म्हणून आम्ही दोघींनी एकच खोली मागून घेतली.

बँकॉकच्या एका मोठ्या दुकानात त्यांनी वस्तीतल्या विहारासाठी चीवरांचे, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रांचे, सात संच घेतले. ते दान द्यायचे होते. पैसे वस्तीतल्या बारा बायांचे. त्यांतल्या तुळसाबाई आणि यमुताई त्यासाठी घरोघर फिरल्या होत्या. दुकानातल्या मुलीने पासपोर्ट पाहून एक फॉर्म भरून दिला. परदेशी माणसाने देश सोडताना तो दाखवला की खरेदीवरचा विक्रीकर परत मिळतो, असं मी वाचून सांगितलं.

"म्हणजे थे पैसे बायांचेच," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि फॉर्म पासपोर्टात घातला.

परतीच्या दिवशी सकाळी त्यांच्या बॅगेची चेन तुटली. त्यांनी दहा मिनिटांत बॅगेचं तोंड शिवून टाकलं, बोट आत जाणार नाही इतकं घट्ट. विमानतळावर गेल्यावर कळलं की बॅग विमानात टाकण्याआधी कस्टमला माल दाखवावा लागतो. माल पाहिला तर शिक्का, शिक्का असेल तरच पैसे. चीवरं तर बॅगेच्या तळाशी.

आमचा टूर मॅनेजर विहंग यादी घेऊन घामाघूम झाला होता.

"मावशी, सोडा ना आता. सहा-सातशे रुपयांसाठी बॅग काय उसवता? मी देतो तुम्हाले माझ्या खिशातून."

"तू काहून देशीन गा? कर काय तुह्या दुकानात भरला होता?"

"टाइम नाही मावशी!"

"मग बोलण्यात काहून घालवून राहिला?"

बँकेतून निवृत्त झालेले रविंद्र मेश्राम मागेच उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, परदेशात आपली इज्जत जाते अशानं. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या, साहेब. मी का चोरी करून राहिली?"

मनकर्णाबाईंनी अंगावरची शाल जमिनीवर अंथरली. शेवटची गाठ नखाने सैल केली आणि सुतळी न तोडता टाक्या-टाक्याने ओढून काढली. तीच परत वापरायची होती. पातळं, औषधं, चिवड्याचा रिकामा डबा असं सगळं बाहेर आलं. रांगेतली दोन-तीन माणसं खरोखरच पाहत होती. मनकर्णाबाईंनी एकाकडेही बघितलं नाही.

कस्टमची बाई काउंटरमागून बाहेर आली. भगवा कपडा दिसताच तिने हात जोडले. मला वाटलं, आता काम झालं. पण तिने फॉर्म हातात घेऊन सातही संच मोजले, पुन्हा एकदा मोजले, आणि मगच शिक्का मारला. मनकर्णाबाईंना ते फार पसंत पडलं.

"पाहा गा," त्या विहंगला म्हणाल्या, "काम असं करा लागते. उभा काहून? बॅगेचं तोंड धर. दोन्ही हातानं! मोबाइल खिशात टाक."

विहंगने मोबाइल खिशात टाकला. बॅग पुन्हा शिवली गेली, दाभण माझ्या बॅगेत गेली, आणि दोन्ही बॅगा पट्ट्यावरून निघून गेल्या.

पैसे मिळायची खिडकी पुढे, पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे होती, आणि तिथे मोठी रांग. विहंगचा मला फोन आला: गेट बंद व्हायला आलं, ताबडतोब निघा. मनकर्णाबाईंनी गेटचा आकडा माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

"तुमी व्हा पुढं, मॅडम. त्याले सांगा, मी येऊन राहिली."

"आणि विमान सुटलं तर?"

"तर सुटीन. पण बायांइले काय सांगू? रांग मोठी होती, म्हणून सोडून आली?"

मी पुढे गेले. याचं मला आजही वाईट वाटतं. गेटवर विहंग दाराच्या मधोमध उभा होता आणि कर्मचाऱ्यांना हात जोडून "वन लेडी, वन लेडी" म्हणत होता. मनकर्णाबाई आल्या त्या चालत; गुडघे धावू देत नाहीत. मुठीत नोटा आणि पावती होती.

विमानात रविंद्रजींनी मान वळवून विचारलं, "मग? मिळाले का?"

"मिळाले. तुमचे?"

जावयासाठी घेतलेल्या महागाच्या घड्याळाचा फॉर्म शिक्क्याविना रविंद्रजींच्या खिशातच होता. घड्याळ केव्हाच बॅगेबरोबर विमानाच्या पोटात गेलं होतं.

"मी नाही पडलो त्या भानगडीत," ते म्हणाले.

"बॅग उघडाची लाज वाटली का, साहेब?"

मनकर्णाबाईंनी पट्टा बांधला, पावतीची घडी उलगडली आणि माझ्यासमोर धरली.

"मॅडम, हे पूर्ण वाचून सांगा मले. अक्षर न् अक्षर. विहारात बाया विचारतीन."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.