रुचिकाने अ‍ॅप बंद केलं तो दिवस

अड्याळ गावच्या टिकाराम भुऱ्यांची मुलगी रुचिका नागपूरच्या एका कंपनीचं संगणकाचं काम घरूनच करायची. त्याच तालुक्यात कुंताबाई सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी गावोगाव फिरत. रुचिकाने आपल्या रिकाम्या वेळात त्यांना एक अ‍ॅप करून दिलं होतं. कोणाच्या गोळ्या संपत आल्या, कोणाला रक्त लागणार, जवळ रक्तदाता कोण, हे सगळं त्यात कळायचं आणि घरोघरी आठवणीचा मेसेज जायचा.

या आजाराचं नाव घरं सहसा बाहेर काढत नाहीत. मुलीचं लग्न मोडेल ही भीती. पण कुंताबाईंच्या शब्दावर लोकांनी नावं दिली होती.

ते अ‍ॅप रुचिकाने जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं आणि त्यात एक नवं चिन्ह वापरलं होतं. कंसात कंस घालण्याऐवजी कामं एकापुढे एक ओळीने लिहिता येतील असं ते चिन्ह. ते भाषेत अजून मंजूर झालेलं नव्हतं, प्रयोगच चालू होता. मोबाइलला ते कळत नाही, म्हणून आधी कम्पायलर या भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामकडून साध्या जावास्क्रिप्टमध्ये बदलून घ्यावं लागे. त्यासाठी कुणीतरी हौसेने लिहून नेटवर फुकट ठेवलेलं एक छोटं पॅकेज, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, तिने कम्पायलरला जोडलं होतं. लिहिणारा कोण, कुठला, तिला माहीत नव्हतं. कोड सुरेख दिसायचा, तेवढं तिला पुरे होतं.

एका शनिवारी सकाळी तिने सगळी पॅकेजं अपडेट केली. जेवायला बसणार तोच तिच्या कंपनीतल्या रिताचा फोन आला.

"तू ते नव्या चिन्हाचं पॅकेज वापरते ना? आज अपडेट केलं का?"

"सकाळीच. काहून?"

"त्याच्या मालकाचं खातं कोणीतरी बळकावलं. नवीन आवृत्ती बसवतानाच ती मशीनमधले पासवर्ड वाचून बाहेर पाठवून राहिली. नेट काढ आधी!"

रुचिकाने नेट तोडलं. मग तिला आठवलं. मागे एक बिघाड शोधताना तिने अ‍ॅपच्या खऱ्या माहितीसाठ्याचा पासवर्ड लॅपटॉपवर ठेवला होता. तो तिथेच राहिला होता. त्या साठ्यात सगळी नावं होती.

तिने कुंताबाईंना फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं.

"बंद करता येते का?" कुंताबाईंनी विचारलं.

"येते. पन मंग गोळ्यांचे मेसेज नाही जानार."

"मेसेजचं मी पायतो. मी फोन करतो घरोघरी. तू पयले बंद कर, मंग रड."

लॅपटॉपला आता हात लावायचा नव्हता. तिचा मोबाइलही त्याच लॅपटॉपला जोडलेला असायचा, म्हणून तिने आईचा, शकुनबाईंचा मोबाइल घेतला आणि त्यावरून सर्व्हर उघडला. अ‍ॅप बंद केलं, पासवर्ड बदलला.

आता एकच पाहायचं उरलं होतं. सकाळपासून त्या साठ्यात कोण शिरलं? सर्व्हर प्रत्येक प्रवेश टिपून ठेवतो. ती एकेक ओळ वाचत गेली. अ‍ॅपचे स्वतःचे प्रवेश होते, आत्ता पासवर्ड बदलतानाचा तिचा एक होता. परका एकही नव्हता. खात्री वाटेना म्हणून तिने रितालाही पाहायला लावलं.

"कोणीच नाही, रुचिका," रिता म्हणाली. "पासवर्ड गेला असेल, पण वापरायच्या आधीच तू तो बदलला."

रुचिका तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. आईने पाठीवरून हात फिरवला.

नावं सुखरूप होती, तरी कुंताबाई गप्प बसायला तयार नव्हत्या. "ज्यायनं नावं देल्ली त्यायले सांगायचं. आपन लपवलं अन् मागून कळलं, तर कोनी नाव देनार नाही."

दुसऱ्या दिवशी दोघी सगळ्यात आधी धुरपताबाईंकडे गेल्या. त्यांची मुलगी गुड्डी सिकलसेलची रुग्ण, तिचं लग्न जमत होतं. मुलाकडच्यांना आजाराचं स्वतःच सांगायचं त्यांनी ठरवलं होतं, पण अजून सांगितलं नव्हतं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"गुड्डीचं नाव गेलं का कोनापाशी?"

"नाही, मावशी. मी सोता पायलं. कोनीच आत नाही आलं."

धुरपताबाई भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, "मंग तो मेसेज कवा चालू होते? गुड्डी त्याच्याच भरोशावर गोळी घेते. मी सांगतल्यानं आयकत नाही."

रुचिकाला हसू आलं.

तिने लॅपटॉप पुसून कोरा केला, ते पॅकेज काढून टाकलं आणि नवं चिन्ह जिथे जिथे होतं तिथे साधे कंस लिहिले. ओळी लांबल्या, थोड्या बेढबही झाल्या. पण त्या चालवायला आता कुणा अनोळखी माणसाच्या पॅकेजची गरज नव्हती. अ‍ॅप पुन्हा सुरू झालं आणि कुंताबाईंचा फोन आला, "मेसेज चालू झाले व बाई, आता माह्या घशाले आराम!" रुचिका शांतपणे जेवायला बसली. आईने पानात आणखी भात वाढला, आणि तिने तो नको म्हटलं नाही.