लाल दिवा आणि दोन कप

चाकणच्या कंपनीत मी मेंटेनन्सला होतो. लाइनवर कुणाचं काम अडलं की तो डोक्यावरची दोरी ओढायचा, वरच्या बोर्डावर त्याच्या स्टेशनचा, म्हणजे कामाच्या जागेचा, नंबर लाल पेटायचा आणि हातातला घास टाकून मी धावायचो. ते लाल बंद करायचं बटण त्या स्टेशनलाच असायचं. प्रत्यक्ष जागेवर गेल्याशिवाय ते विझणारच नाही. ज्याने कुणी ही पद्धत काढली, त्याला माणसं बरोबर कळली होती.

आता रिटायर होऊन रावेतच्या फ्लॅटमध्ये असतो. बायको गेल्यापासून घरात मी आणि मुलगा, दोघंच. मुलाचं ऑफिस म्हणजे आतली खोली. सकाळी दार लागतं, कानावर हेडफोन चढतो, झालं. दुपारी चहा टाकला की मी हाक मारायचो. ऐकू कसलं जातंय! दार उघडून उभा राहिलो तर न वळताच हाताने 'थांबा'. वर मला म्हणतो, "बाबा, मेसेज टाकत जा ना." भिंतीपलीकडच्या पोराला मेसेज? डोकंच फिरलं माझं. चहा काय, मी एकटाही पितो. पण दिवसभरात एकदा तरी कुणीतरी समोर बसावं की नाही?

मग एक दिवस पिंपरी कॅम्पातून अक्षरं उमटवणारे लाल एलईडीचे चार चौकोन आणले, आणि बिस्किटाएवढा एक वायफायवाला बोर्ड. दुकानदार म्हणाला, "काका, नातवाचं प्रोजेक्ट का?" म्हटलं, "माझंच आहे, तू वायरी दे." मोबाइलवर व्हिडिओ बघून प्रोग्रॅम चढवला, तर 'चहा' उमटला खरा, पण प्रत्येक चौकोन आपापल्या जागी आडवा पडलेला. शाळेत कवायतीला सगळ्यांनीच चुकीच्या दिशेला तोंड करावं तसा. दोन-तीन दिवस डाळ-भातावर काढले, पण सरळ करून सोडला.

चौकोन जोडून झालेली पाटी मुलाच्या स्क्रीनच्या वर लावली. बटण माझ्या ओट्यापाशी, शेजारी एक बारका लाल दिवा. बटण दाबलं की आत 'चहा' पेटणार, इकडे दिवा पेटणार. आणि बंद करायचं बटण? तेही ओट्यापाशीच! कंपनीची सवय, दुसरं काय.

पहिल्या दिवशी तो बाहेर आला. "बाबा, बंद कसं करायचं हे?"

"ये की इकडे, बटण इथेच आहे."

हसत आला, बटण दाबलं आणि ओट्याला टेकून उभ्या-उभ्या चहा प्यायला. मॅनेजरला चार शिव्या घातल्या. त्याचा मॅनेजर कोण, मला काय ठाऊक. पण मीही दोन घातल्या. रोज तेवढं चालायचं. मला तेवढं पुरत होतं.

मग त्याची तक्रार सुरू झाली. मीटिंगमध्ये चष्म्यात लाल चमकतं, लोक विचारतात. रविवारी लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. अख्खी दुपार! मी वायरी दाखवतोय, तो प्रोग्रॅम बदलतोय, "भारी केलंय हो बाबा तुम्ही," म्हणतोय. मी इतका खूश, की तो काय करतोय ते डोक्यातच शिरलं नाही. मीच त्याच्या पाठीवर थाप मारली. आता त्याला पाटी मोबाइलवरून बंद करता येणार होती.

सोमवारी बटण दाबलं. दिवा पेटला आणि लगेच विझला. मी दोन कप भरले. दार काही उघडलं नाही. मंगळवारी तेच. पाटी तपासली, जोड तपासले. सगळं चोख. आयुष्यभर बिघाड शोधत फिरलो, आणि माझ्याच घरात बिघाड सापडेना. त्या दुपारी फार एकटं वाटलं. ही गेली तेव्हा निदान घर माणसांनी भरलेलं होतं.

आज तो मागवलेलं जेवण घ्यायला खाली गेला तेव्हा मी खोलीत शिरलो आणि पाटीची एक वायर उपसली. चालू मशीन मी कधी बंद पाडलं नव्हतं हो! पण म्हटलं, पाटी बंद दिसली की विचारायला तरी बाहेर येईल. मग चहा टाकला, बटण दाबलं आणि वाट बघत बसलो. किती वेळ बसलो. मग लक्षात आलं, पाटी बिघडली काय आणि कुणी बोलावलंच नाही काय, त्याला दोन्ही सारखंच दिसणार.

शेवटी दार मीच वाजवलं, उघडून आत गेलो. त्याने एक कान मोकळा केला. "अरे, तुझ्याकडची पाटी पेटत नाहीये."

त्याने एक कान मोकळा केला. "रविवारी बसू या का, बाबा? दोघं मिळून बघू."

"चालेल की," म्हटलं. गार झालेले दोन्ही कप मीच प्यायलो. वायर खिशात आहे. रविवारी ती चटकन सापडणार नाही, एवढी काळजी मी घेणार आहे.