दुपारी आपोआप जागा होणारा लॅपटॉप

बायको गेल्यावर चौदाव्या दिवशी घरातले सगळे पाहुणे परतले. तिचे वडील तेवढे राहिले. त्यांचं गाव नागभीडजवळ, घरची चार एकर धानाची शेती. माझ्या सासूबाई आधीच वारल्या होत्या. मी विचारलं, "मामाजी, तुमची बस कितीची आहे?" तर ते म्हणाले, "राह्यतो काई दिवस. तुमाले सैपाक येत नाई."

ती होती तेव्हा मामाजी आमच्याकडे मुलचेऱ्याला आले तरी फक्त चहा घ्यायचे. लेकीच्या घरचं अन्न खात नाहीत, ही त्यांची जुनी रीत. ती रागवायची, रडायचीसुद्धा. आता त्यांनी स्वतःच भात टाकला, दोन ताटं वाढली आणि माझ्यासमोर बसून जेवायला लागले. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो हे त्यांना समजलं असावं. खाली पाहूनच म्हणाले, "आता तिचं घर कुठी राह्यलं."

त्यानंतर आम्ही दोघंही तिच्याबद्दल बोललो नाही. ते पहाटे उठून झाडझूड करायचे, भाजी चिरायचे. मी समोरच्या खोलीत माझं काम करत बसायचो. हस्तलिखितं टाइप करून देणं हे माझं काम, आणि त्यासाठी आता माझ्याकडे तिचाच लॅपटॉप होता. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे त्यात तिच्या प्रश्नपत्रिका, निकाल, मुलांच्या याद्या तशाच होत्या. त्या मी उघडत नव्हतो.

तो लॅपटॉप आपोआप जागा व्हायला लागला. एका बाजूची बिजागरी तुटल्यामुळे मी झाकण लावत नसे. जेवण झालं की त्याला स्लीपवर टाकायचो आणि आतल्या खोलीत तासभर आडवा व्हायचो. उठून येऊन पाहावं तर पडदा लख्ख उजळलेला, पंखा घरघरतोय. बॅटरी जुनी. आमच्याकडे संध्याकाळी वीज गेली की दोन-दोन तास येत नाही आणि नेमकी तेव्हाच बॅटरी संपलेली असायची. दोनदा पानं वेळेवर गेली नाहीत.

आष्टीला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक ओळखीचा होता, त्याला फोन केला. तो म्हणाला, "अपडेट येत असन भाऊ. नाईतर एखादं काम टायमरवर लागलं असन. ते बंद करून पाहा." मी अपडेटची वेळ बदलली. टायमरवर लागलेलं जे सापडलं ते सगळं बंद केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा पुन्हा उजळला. मग वायफाय बंद करून पाहिलं. काही फरक नाही. शेवटी त्यानं फोनवरून एक आज्ञा सांगितली. लॅपटॉपला शेवटचं कुणी उठवलं ते त्यावरून कळतं. मी ती टाइप केली. उत्तर आलं ते यूएसबी पोर्टचं.

"माऊस लावला हाय का?"

"नाही. माऊस नाहीच माझ्याकडे."

"बिनवायरचा असन. बाजूले पाहा, नखाएवढी चिप लागली असन."

चिप होती. मला ती लॅपटॉपचाच भाग वाटली होती. तेव्हा आठवलं की तिच्याकडे निळा माऊस होता. पण तिच्या साड्या, पर्स, शाळेची बॅग पाहुण्या बायकांनी नेली तेव्हा तोही कुठेतरी गेला असेल, असं मी धरून चाललो. तो म्हणाला, "सेटिंगमंदी जाऊन माऊसची जागं करायची परवानगी काढून टाका." मी तिथली बरोबरची खूण काढून टाकली. त्या दुपारी लॅपटॉप झोपलेलाच राहिला. दुसऱ्या दिवशीही. मला बरं वाटलं, आणि माऊस नेमका कुठे आहे हा विचार मी केलाच नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत मामाजींचं जेवण कमी झालं. मी विचारलं तर म्हणायचे, "भूकच लागून नाई राह्यली." समोरच्या खोलीच्या खिडकीबाहेर, छपरीतल्या बाजेवर दुपारभर बसून राहायचे. मला वाटलं, गावची आठवण येत असेल.

मग एक दिवस मी टाइप करत असताना ते खोलीत आले आणि दाराशीच उभे राहिले. मुठीत काहीतरी होतं.

"जवाईबापू, एक गलती झाली माह्याकडून."

त्यांनी मूठ उघडली. निळा माऊस.

"तिच्या सामानातून हाच ठेवून घेतला मी. तिचा हात राहे याच्यावर. एक दिवस असाच दाबला तर खिडकीतून दिसलं, तुमच्या मशिनीत ती आली. मंग तुमी झोपले की मी दाबत जाव. लय दाबला मी. आता येत नाई ती. माह्या हातानं बिगडलं."

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. लॅपटॉप जागा झाला की पासवर्ड मागण्याआधी पडद्यावर एक फोटो येतो. तिचा. तिनंच लावलेला. मामाजींच्या शेतात, गुडघाभर चिखलात, डोक्याला बापाचा दुपट्टा गुंडाळून ती हसते आहे. मी रोज त्याच्याकडे न पाहता पासवर्ड घालायचो. पाहिलं असतं तर काम झालं नसतं. आणि हा माणूस छपरीतून, खिडकीच्या गजांमधून, रोज दुपारी तेवढंच पाहायला बसत होता.

"मामाजी, तुमच्या हातानं काही बिघडलं नाही. मीच बंद केलं ते. बॅटरी संपत होती म्हणून."

"बंद केलं?"

"हो. मला काय माहीत. मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"तुमचं कामाचं हाय ते. आन् तुमाले काय सांगू," ते म्हणाले. "बरं केलं तुमी. तुमच्या कामाची खोटी होत होती."

ते ज्या समजूतदारपणानं म्हणाले तो मला सहन झाला नाही. तीन आठवडे हा माणूस आपल्या हातून लेक पुन्हा एकदा गेली असं समजून बसला होता. मी सेटिंग उघडून काढलेली खूण परत लावली, लॅपटॉप झोपवला आणि म्हटलं, "दाबा."

त्यांनी दाबलं. ती आली. आम्ही दोघं उभ्यानंच पाहत राहिलो.

"त्या दिवशी तिच्या पायात काटा रुतला होता," मामाजी म्हणाले. "मी म्हटलं काढून देतो. तर म्हणे, आधी फोटो काढू द्या बाबा."

फोटो मीच काढला होता. काट्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी त्यांना शेवटच्या चार महिन्यांतलं, तिच्या पोटाच्या दुखण्याचं सगळं सांगितलं, जे त्यांच्यापासून आम्ही लपवलं होतं. तिनंच लपवायला लावलं होतं. ते ऐकत राहिले. मधूनच विचारलं, "लय दुखत होतं का तिले?" मी खरं सांगितलं. ते खाली बसले आणि दुपट्ट्यात तोंड घालून रडले. मीही त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो.

धान कापणीला आला तसा गावाकडून निरोप आला. मी त्यांना गडचिरोलीच्या बसवर सोडायला गेलो. बस लागल्यावर म्हणाले, "एक गोष्ट बोलू का? तुमची उमर काई झाली नाई. कुणी पाहा आता. माह्याकडून काई मनात नोका ठेवू."

मी त्यांची पिशवी उचलून वर दिली. ते खिडकीशी बसले, आणि बस निघेपर्यंत मला समजावत राहिले, की डब्यातल्या तांदळात कडुनिंबाचा पाला टाका, नाहीतर सोंडे होतात.

मी कुणी पाहिलं नाही. दोन-तीन महिन्यांनी त्यांच्याकडे जातो. ते भात टाकतात. लग्नाचा विषय पुन्हा त्यांनी काढला नाही. मागच्या वेळी मात्र जेवता जेवता म्हणाले, "तिच्या मायचंही असंच झालं होतं, पोटाचंच," आणि मला आणखी वाढायला उठले.