चौदा नंबरचं घर

सुरतेच्या बमरोलीतल्या त्या गल्लीत चंचल पाटील शिरली की बाया पदर सावरत नाहीत की हातातलं काम थांबवत नाहीत. ती गल्लीचीच पोरगी. वय एकतीस, शिक्षण बी.कॉम., गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट आणि पायात दोनदा शिवलेली चप्पल. लोकांना प्रश्न विचारणं ही तिची नोकरी. घरात किती जण राहतात, कोण किती शिकलंय, कोण कुठे कामाला जातं, गॅस आहे का, गावी जमीन आहे का. देशाचं कसं चाललंय हे दिल्लीत बसून कळत नाही, म्हणून देश दर तीन महिन्यांनी चंचलला विचारायला पाठवतो. खुद्द चंचलला मात्र देशाने तीन-तीन महिन्यांच्या करारावर ठेवलं होतं, आणि तिला याबद्दल कुणी काही विचारत नव्हतं.

एरवी तिला कामरेज, पलसाणा अशी लांबची गावं मिळायची. या खेपेला चिठ्ठीत नेमकी तिचीच गल्ली निघाली. तिने ऑफिसात तसं सांगितलं. नियम पाहण्यात आला. नियम असा निघाला की स्वतःचं घर सोडून बाकी सगळी घरं करायला हरकत नाही. म्हणून चौदा नंबरचं घर, म्हणजे तिचं, तिचे सुपरवायझर मुकुंद सर येऊन करून गेले आणि उरलेली तेहतीस घरं चंचलने केली.

तिची एक पद्धत होती. ती ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलेली नव्हती. गल्लीत जवळजवळ प्रत्येक घरात भरतकाम झालेल्या साड्यांचं पोटलं येऊन पडतं. भरताच्या मशीनवरून साडी निघते तेव्हा तिच्या उलट्या बाजूला धाग्यांचं जंजाळ लोंबत असतं. ते हाताने, छोट्या कटरने कापायचं. याला सगळे धागा कटिंग म्हणतात. चंचल घरात जाऊन आधी खाली बसायची, पोटल्यातली एक साडी मांडीवर ओढायची, शेजारी पडलेला कटर उचलायची आणि धागे कापत गप्पा सुरू करायची. टॅबलेट बराच वेळ बाजूला पडून असायचा. चौथ्या-पाचव्या साडीला ती अहिराणीत सहज विचारायची, ‘‘कलाबाई, दिवसाच्या कितल्या व्हतस वं?’’

‘‘तीस-पस्तीस व्हई जातस. लगनसराईमा पन्नास. तुले काय खोटं सांगू, तू तं घरनी पोर.’’

चंचल मग टॅबलेट उचलून लिहायची. गेल्या सात दिवसांत किमान एक तास काम केलं का? हो. किती तास? रोजचे सात. अशा रीतीने तेहतीस घरांत एकोणतीस बाया कामाला असल्याचं निघालं.

मागच्या वर्षी याच गल्लीत, दुसऱ्या कुणीतरी उभ्याउभ्या केलेल्या पाहणीत, कामाला जाणाऱ्या बाया तीन होत्या.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरने चंचलची गल्ली लाल करून टाकली. मुकुंद सरांनी तिला बोलावून घेतलं. सर मूळचे सांगलीचे, सुरतेत अठ्ठावीस वर्षं काढलेले, नियमाने चालणारे. ज्या घरात प्रश्न विचारायचे तिथलं पाणीसुद्धा ते पीत नसत. उत्तर देणाऱ्याचं मिंधं व्हायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. स्वतःची बाटली आणि स्वतःचा डबा घेऊन त्यांनी निम्मा जिल्हा मोजला होता.

‘‘एका वर्षात तिनाच्या एकोणतीस?’’ ते म्हणाले. ‘‘देशाची इतकी प्रगती झाली असती तर मला कुणीतरी कळवलं असतं.’’

‘‘सर, त्या काम करतात. मी बघितलंय.’’

‘‘तू बघितलेलं चालत नाही. त्यांनी सांगितलेलं चालतं.’’ सरांनी यादीतल्या चार घरांवर खुणा केल्या. ‘‘ही चार मी परत विचारणार. तू सोबत यायचं, बोलायचं नाही. जुळलं तर ठीक. नाही जुळलं, तर नोंदी बनावट धरतात. मग करार पुढे जात नाही, आणि ते माझ्या हातात नाही.’’

चंचलने मनातल्या मनात घरचा हिशेब मांडला. तिचे वडील, चिंधा पाटील, बत्तीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होते. खटखटाटाने त्यांचे कान गेले होते आणि त्यामुळे घरात सगळ्यांना ओरडून बोलायची सवय लागली होती. आता मालकाने नव्या मशिनी आणल्या होत्या आणि महिनाअखेरीस जुने लूम भंगारात निघणार होते. धाकटा ललित अजून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. ‘‘मग घरात कमावती मी एकटीच,’’ असं चंचल त्या आठवड्यात आईला तीनदा म्हणाली होती. आई सुभद्राबाई ते ऐकत होती. ऐकताना तिच्या हातातला कटर चालूच होता.

मंगळवारी मुकुंद सर गल्लीत आले. इस्त्रीचा शर्ट, बाटली, डबा. चंचल दोन पावलं मागे, ओठ मिटून.

पहिलं घर उषाबाईंचं. उषाबाई दारातच साडी घेऊन बसल्या होत्या. सरांनी प्रश्न छापला आहे तसा वाचला. उषाबाईंनी एक धागा कापला आणि म्हणाल्या, ‘‘नाही साहेब. मी काही करत नाही.’’ आणि दुसरा कापला.

दुसरं घर मंदाचं. तीही काही करत नव्हती. तिच्या केसांत, पदरावर, पायाशी पडलेल्या भातुकलीच्या कढईत, सगळीकडे रंगीत धाग्यांचे तुकडे होते. तिसऱ्या घरातली म्हातारी तर काही न करता करता घामाघूम झाली होती.

चौथं घर कलाबाईंचं. तिथे बसायला जागा नव्हती, तेव्हा सर एका मोठ्या पोटल्यावर टेकले. कलाबाईंनी एकवार पोटल्याकडे बघितलं, एकवार साहेबाकडे. सरांनी विचारलं, गेल्या सात दिवसांत किमान एक तास काम केलं का?

‘‘काही नाही साहेब. घरीच असते.’’

‘‘शिवण, टिपण, विक्री, घरबसल्या काही?’’

‘‘काहीच नाही.’’ एवढं ठाम उत्तर चंचलला अख्ख्या गल्लीत मिळालं नव्हतं. चाळीस साड्यांवर बसून मुकुंद सरांनी ‘नाही’ लिहिलं. उठताना त्यांनी पँट झटकली, तर चार गुलाबी धागे खाली पडले. ते सरांनी पाहिले, पण धागे हे कुणाचं उत्तर नव्हतं.

चंचलने कलाबाईंकडे बघितलं. कलाबाईंनी तिला हळूच डोळा मारला, आपण काहीतरी मोठी कामगिरी पार पाडल्याच्या आनंदात. चंचलला रडू फुटायचंच बाकी होतं. मांडीला मांडी लावून जिने पस्तीस साड्यांचा हिशेब दिला, तिनेच आता भर गल्लीत तिला खोटं पाडलं होतं, आणि वर डोळा मारत होती.

एक वाजला होता. ऊन वर आलं होतं. सावली म्हणून सर चौदा नंबरच्या ओट्यावर टेकले आणि त्यांनी डबा उघडला. सुभद्राबाईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. सरांनी मान हलवून स्वतःची बाटली दाखवली. सुभद्राबाई उंबऱ्याशी आपल्या साडीपाशी परत जाऊन बसली.

‘‘चारही जुळले नाहीत,’’ सर पोळीचा तुकडा मोडत म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं. वाईट वाटलं की ते जेवणाकडेच बघत. ‘‘आणि चौदा नंबर तर मी स्वतःच केलंय. तुझ्या आईनेही ‘काही करत नाही’ असंच सांगितलंय.’’

हे चंचलला माहीत नव्हतं. ती गर्रकन वळली. सर समोर आहेत, आपल्याला बोलायचं नाही, हे सगळं ती विसरली. ‘‘माय! तू सरले काय सांगं? काही करत नही? काबर?’’

सुभद्राबाईने मान वर केली. तिला पोरीचा राग समजेना. ‘‘तूच तं लिखेल शे ना, पोरी,’’ ती म्हणाली. ‘‘तुना स्कॉलरशिपना कागदवर. आईना धंदा, काही नही. मंग मी दुसरं काय सांगू?’’

चंचल नववीत होती तेव्हाची गोष्ट. शाळेतून स्कॉलरशिपचे फॉर्म मिळाले होते. गल्लीत गुजराती लिहिता-वाचता येणारी तीच एक, म्हणून तिने आपला फॉर्म भरला आणि मग गल्लीतल्या सगळ्या पोरांचे भरले. वडिलांचा व्यवसाय : लूम कारीगर. आईचा व्यवसाय, या रकान्यात तिने आपल्या फॉर्मवर लिहिलं ‘काही नाही’, आणि तेच सगळ्यांच्या फॉर्मवर. असं लिही म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला तसंच वाटत होतं. लिहिताना आई समोरच बसून धागे कापत होती, आणि आईच्याच पोटल्यावर कागद ठेवून चंचल लिहीत होती. मग चौदा वर्षांच्या चंचलने अधिकाऱ्याच्या थाटात गल्लीतल्या बायांना एकत्र करून बजावलं होतं की कुणी सरकारी माणूस विचारायला आला तर कागदावर आहे तेच सांगायचं, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर स्कॉलरशिप जाईल.

बायांनी ते सतरा वर्षं पाळलं होतं. रेशनवाला आला, आधारवाला आला, मागच्या वर्षीचा पाहणीवाला आला. सगळ्यांना एकच उत्तर. चंचलला मात्र खरं सांगितलं, कारण चंचल काही सरकार नव्हती. आणि आज इस्त्रीच्या शर्टातला साहेब तिला सोबत घेऊन आला, तेव्हा पोरीचं काहीतरी अडलेलं दिसतंय हे ओळखून त्यांनी अधिकच नेटाने तिची बाजू राखली होती.

चंचलला तोंड वर करवेना. करार तिच्या मनातूनच गेला. सात वर्षं ती लोकांच्या दारोदार जाऊन त्यांची कामं लिहीत होती, आणि पहिलं ‘काही नाही’ तिच्याच अक्षरातलं होतं. तिचं बी.कॉम. याच पोटल्यांतून झालं होतं. आणि गेल्या आठवड्यात ती आईला तीनदा म्हणाली होती, घरात कमावती मी एकटीच. तिला स्वतःची फार लाज वाटली.

‘‘माय, ती स्कॉलरशिप कधीच सरनी,’’ ती कशीबशी म्हणाली. ‘‘आते खरं सांगं तरी चालस.’’

‘‘सरनी?’’

‘‘सरनी.’’

सुभद्राबाईने क्षणभर विचार केला. मग नवऱ्याच्या कानांमुळे कमावलेला आवाज तिने गल्लीत सोडला. ‘‘कलाबाई वं! सांगी टाका खरं! चंचलनी स्कॉलरशिप सरनी!’’

पलीकडून कलाबाईंचा आवाज आला. ‘‘आनी आमना पोरंसनी?’’

‘‘त्यासनीबी सरनी! तुना योगेंद्रले दोन पोरं शेतस आते!’’

मग कलाबाई तरातरा ओट्यापाशी आल्या आणि सरांना म्हणाल्या, ‘‘साहेब, दिवसाच्या पस्तीस साड्या. लिहून घ्या. आणि तुम्ही बसला ना, त्यातल्या सहा मला परत झटकाव्या लागल्या.’’ त्यांच्या मागे उषाबाई होत्या, मंदा होती, म्हातारी काठी टेकत येत होती. शिवाय शेजारच्या गल्लीतल्या, यादीत नसलेल्याही सात-आठ जणी आल्या आणि आमचंही लिहा म्हणून भांडू लागल्या. यादीबाहेरचं लिहिता येत नाही, हे सरांनी प्रत्येकीला वेगवेगळं समजावून सांगितलं.

त्यांनी डबा बंद केला आणि चारही घरांचे प्रश्न पहिल्यापासून, छापल्याप्रमाणे, पुन्हा वाचले. चारही उत्तरं चंचलच्या नोंदींशी जुळली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी आधी बरंच लिहिलं, मग ते खोडून एवढंच ठेवलं : ‘चंचल पाटील यांच्या नोंदी बरोबर. घर क्रमांक चौदा चुकीचं, ते मी केलेलं.’

मग त्यांनी चौदा नंबरचा फॉर्म नव्याने उघडला आणि सुभद्राबाईला विचारलं, ‘‘हे काम किती वर्षांपासून करता?’’

‘‘ही चौथीमा व्हती, तव्हयपाइन.’’

म्हणजे चंचल पाचेक वर्षं ते बघून मग नववीत फॉर्म भरायला बसली होती. सरांना तो हिशेब माहीत नव्हता. पण त्यांनी चंचलच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि टॅबलेट तिच्यापुढे ओट्यावर ठेवला.

‘‘स्वतःचं घर स्वतः भरायचं नाही, असा नियम आहे,’’ ते म्हणाले. ‘‘मी जरा हात धुऊन येतो.’’ त्यांनी तांब्या उचलला, सुभद्राबाईने मघाशी ठेवलेला, ते अर्धा घटाघट प्यायले आणि उरलेल्या पाण्याने गल्लीकडे पाठ करून बराच वेळ हात धूत राहिले.

चंचल आईसमोर खाली बसली. टॅबलेट मांडीवर घेतला. प्रश्न तिला पाठ होता, तरी तिने तो वाचला. ‘‘माय, मांगला सात दिनमा एखादा तास तरी काम करं का तू?’’

सुभद्राबाईने साडी उजेडाकडे धरली. काठाशी हिरव्या धाग्याची एक ओळ राहिली होती.

‘‘थांब,’’ ती म्हणाली. ‘‘इतली व्हई जाऊ दे, मंग सांगस.’’

चंचल थांबली. टॅबलेटचा पडदा दोनदा विझला, दोनदा तिने बोट लावून तो उजळवला, आणि आई काम करताना ती पहिल्यांदाच नुसती बघत बसली.