पहिली प्लेट कोणाची?

पुण्याहून सुटलेली गाडी सकाळी नागपूरला पोहोचली, तेव्हा मार्चचे ऊन फलाटावर आधीच उतरले होते. कूलर विकणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या विक्रेत्यांबरोबर फिरायचे आणि त्यांच्यावर लिहायचे, एवढेच माझे काम होते. या पथकाच्या प्रमुख सुषमाताई यांना सोडून माणसे जात नाहीत, असे ऐकले होते. विक्रीच्या धंद्यात ही बातमीच म्हणायची.

सक्करदऱ्याच्या तलावाजवळ पोह्याची एक गाडी लागते. पथक रोज तिथेच जमते. पोह्यांवर तर्री (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) ओततात. या मंडळींचा एक रिवाज आहे. आदल्या दिवशी ज्याच्या हातून गिऱ्हाईक गेले, पहिली प्लेट त्याची. ती संपेपर्यंत त्याला कोणी काही विचारत नाही. टोमण्यांना मात्र मनाई नाही.

त्या दिवशी प्लेट नीलेशकडे गेली. तो पथकातला सर्वांत नवा.

"घे गा, एसीवाले," सर्वांत जुने विक्रेते बबनराव म्हणाले, "तर्री जादा घे. काल दुसऱ्याले घाम फोडला, आज तुले फुटू दे."

नीलेश पूर्वी एसी विकत असे. आदल्या दिवशी रामटेकच्या एका धर्मशाळेत त्याने कूलर चालवून दाखवला आणि जुन्या सवयीने दारेखिडक्या लावून घेतल्या. कूलरला बाहेरची हवा लागते. बंद खोलीत नुसता दमटपणा साचला आणि व्यवस्थापक धनराजभाऊ घामाघूम होऊन बाहेर पडले. कंपनीच्या मालकाचा निरोप स्पष्ट होता. धर्मशाळेचे काम गेले, तर नीलेशनेही जायचे.

प्लेट रिकामी झाल्यावर ताईंनी विचारले, "काहून (का) लावल्या गा खिडक्या?"

"गार हवा बाहेर जाईन वाटलं."

"बरं. चाल, रामटेकले जाऊ."

"ताई, तुम्हीच बोला ना तिथं. तुम्हाले ओळखतात ते."

"मी येऊन राहिली ना. बस गाडीत."

मला तर्रीचा ठसका लागला, तो मनसर येईपर्यंत टिकला. शर्टावर डागही पडला. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग होते, मग धान कापून मोकळी झालेली शेते लागली आणि शेवटी टेकडीवरचे राममंदिर दिसले. मागच्या सीटवर नीलेश ओठातल्या ओठात बोलण्याची तयारी करत होता. गाडी चालवणाऱ्या ताईंनी त्याला एकदाही टोकले नाही.

धनराजभाऊ ओसरीवर बसले होते. नीलेशकडे त्यांनी पाहिलेच नाही.

"या ताई. तुम्हीच सांगा आता. या पोरानं काल मले उकडून काढलं."

ताईंनी कोपऱ्यातली बादली उचलली. "मी पाणी भराले आली, भाऊ. नीलेशजी सांगतील." हे 'जी' तेवढ्यापुरतेच होते. त्या अंगणातल्या नळाकडे निघून गेल्या.

नीलेश धनराजभाऊंसमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "भाऊ, मशीन बरोबर होती. मीच चुकलो. खिडक्या लावाले नको होत्या."

"मग आज उघड."

त्याने कूलर खिडकीत बसवला आणि समोरचे दार उघडले. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला. नीलेशला जरा धीर आला, तसा तो घसरलाही.

"रात्रभर पाण्याकडे पाहा लागत नाही," तो म्हणाला.

अंगणात ताईंनी नळ बंद केला.

"नाही भाऊ," नीलेशने स्वतःच सुधारले, "मधात (मध्ये) एकदा पाणी टाका लागते."

नळ पुन्हा सुरू झाला.

धनराजभाऊंनी खाट कूलरसमोर ओढली, "जरा पाहतो" म्हणून आडवे झाले आणि लगेच घोरू लागले. आम्ही पंगतीत वरणभात आणि वांग्याची भाजी जेवत असताना मालकाचा फोन आला.

"काय म्हणते गिऱ्हाईक?"

"काहीच नाही म्हणत, साहेब," ताई म्हणाल्या. "झोपलं आहे."

ऊन कलल्यावर धनराजभाऊ उठले. "सगळ्या खोल्यांत लावून द्या. पण काही बिघडलं तर हाच पोरगा आला पाहिजे. तुम्ही नका येऊ ताई. तुम्ही तर नुसतं पाणी भरता."

नीलेश धर्मशाळेतच थांबला, खिडक्यांची मापे घ्यायला. परतताना मी ताईंना विचारले, "तुम्ही बोलला असता, तर काम लवकर झाले नसते का?"

"झालं असतं ना. मग उद्या काटोलले कोण बोलणार? तिथंही मीच?" जरा वेळाने त्या म्हणाल्या, "पाण्याचं चुकीचं सांगितलं ना त्यानं, तेव्हा जीभ चावून धरली होती मी."

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. निघण्यापूर्वी पोह्याच्या गाडीशी पुन्हा जमलो. कोणाच्याही हातून गिऱ्हाईक गेले नव्हते. पहिली प्लेट तशीच वाफाळत राहिली.

"आज कोणाची हे?" बबनरावांनी विचारले.

ताईंनी ती पुढे ओढली. "माझी. रामटेकचं गिऱ्हाईक गेलं माझ्या हातचं."

नीलेश हसला नाही. त्याने तर्रीची पळी उचलली आणि ताईंच्या पोह्यांवर काठोकाठ ओतली.

माणसे कशी सांभाळावीत, यावर बातमीदारीत बरीच भाषणे ऐकावी लागली. बहुतेक वक्ते पहिल्या खुर्चीबद्दल बोलत, पहिल्या प्लेटबद्दल नाही. पुण्यात आल्यावर शर्ट दोनदा धुतला. तर्रीचा डाग फिका झाला, गेला नाही.