पंखाच्या कडेचा डिंक

चार वर्षं झाली, ही गोष्ट माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेली नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही. तुम्हाला लिहून सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांमध्ये माझी थोडी किंमत आहे, आणि ती टिकावी म्हणूनच मी गप्प बसलो. कुठून सुरुवात करू? विमानापासून करतो. हो, विमानच. हसू नका. आमचं गाव आधीच पोटभर हसून बसलंय.

कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात मारोती मिस्त्री आहेत. हळद शिजवायचे कुकर आणि पॉलिश करायचे ड्रम ही त्यांची कामं. कुकर म्हणजे वाफेच्या दाबाचं काम, जोड कच्चा राहिला तर माणूस भाजतो. मिस्त्रींचा जोड कधी फुटला नाही. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. या मामांनी पन्नाशी उलटल्यावर एकट्याने बसायचं छोटं विमान बांधायला घेतलं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख आणि वरून कापड. नकाशे त्यांना वाचता यायचे. अक्षरं इंग्रजी असली तरी रेघ ती रेघच. पारावरची माणसं म्हणायची, "नावच मारोती, उडल्याबिगर राहतंय का!" मामी शेडच्या दारात उभ्या राहून ऐकवायच्या, "घरावरचे पत्रे गळून राहिले, अन् ह्ये आभाळाला कापड शिवून राहिले." मामा हसायचे आणि कानस चालवत राहायचे.

आता माझं सांगतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील दुसऱ्यांच्या शेतात सालगडी होते. नांदेडला शिकायला निघालो तेव्हा मामांनी मला पत्र्याची पेटी करून दिली आणि झाकणावर वेल्डिंगने माझं नाव काढलं — पुढे बी.एस्सी. असं लिहून! तेव्हा प्रवेशसुद्धा पक्का झाला नव्हता. पुढे मी पास झालो, जवळच्याच एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, आणि मामांनी मला अरेतुरे करणं सोडलं. सर म्हणायला लागले. शेडमध्ये पाठ असलेली एकच खुर्ची होती. मी गेलो की ती पुसून माझ्यासाठी ओढायचे आणि स्वतः ऑक्सिजनच्या आडव्या नळकांड्यावर बसायचे. मला ते आवडायचं. लाज वाटायची, आणि आवडायचंही.

गावात एक रीतच पडून गेली आहे. इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. फवारणीच्या औषधाची चिठ्ठी, बँकेचं पत्र, दवाखान्याचा रिपोर्ट. मी वाचतो आणि सांगतो. सगळं कळतं का? नाही. निम्मं कळतं, उरलेलं अंदाजाने जुळवतो. पण 'मला हे कळलं नाही' असं मी गावात कधीही म्हटलेलं नाही. माणूस दुपारच्या उन्हात कागद घडी करून, पिशवीत घालून, जपून घेऊन आलेला असतो. त्याला काय सांगणार होतो — की तुमचा शिकलेला पोरगा अर्धाच शिकलाय?

हैदराबादच्या एका निवृत्त गृहस्थांनी आपल्या अर्धवट राहिलेल्या विमानाचं सामान मामांना देऊन टाकलं होतं. त्यात पंखांवर चढवायच्या पॉलिस्टर कापडाचा तागा होता आणि ते कसं चढवायचं याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. कापड कडांना डिंकाने चिकटवायचं, इस्त्रीने तापवून ताणायचं, पंखाच्या फासळ्यांना दोऱ्याने शिवायचं आणि वर लेप द्यायचा. त्या पुस्तकातलं एक वाक्य मला पूर्ण कळलं होतं. ज्याचं कापड, त्याचाच डिंक आणि त्याचाच लेप, एकाचं दुसऱ्यात मिसळू नका.

पण डिंकाचा डबा वाळून दगड झाला होता. नवीन बाहेरून मागवायचा तर पेट घेणारा माल म्हणून कुरिअरवाले घेईनात. दुसऱ्या एका कंपनीचा डिंक पाण्यात बनवलेला होता, तो मिळाला असता, पण मग कापडही तिचंच घ्यावं लागणार. आणि तिसरा रस्ता म्हणजे नांदेडला मिळणारा रबरी डिंक — गाड्यांच्या सीटला रेक्झिन चिकटवतात तो.

मामांनी रबरी डिंकाने कापडाच्या पट्ट्या लाकडाला चिकटवल्या आणि त्यांना वाळूच्या थैल्या टांगल्या. माघातली थंडी होती. आठवडाभर एकही थैली हलली नाही. मी म्हणालो, झालं की मग.

"सर, थंडीत समदंच धरतंय," मामा म्हणाले. "आपलं ऊन काही त्याहीच्या मुलकावानी न्हाई. तुमी पुस्तकवाल्याला इंग्रजीत इचारा, ह्यो डिंक चैत्रात धरंल का म्हणून. न्हाई म्हणला तर थांबू. मला कुठं घाई हाय?"

किती नेमका प्रश्न होता! माझ्या पदवीत तो नव्हता, सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या हातात होता.

पुस्तकाच्या मागे मेलचा पत्ता होता. मी चार संध्याकाळी मोबाइल घेऊन बसलो. एकदा पुण्याला एका मुलाखतीत माझं इंग्रजी वाक्य ऐकून समोरच्या बाईंनी ओठ मिटून हसू दाबलं होतं — तेच डोळ्यांपुढे यायचं. मोबाइलवर भाषांतर होतं, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण मेल गेला की उत्तर येणार. उत्तरात उलट प्रश्न असणार — डिंकात काय आहे, किती तापमान, कुठला लेप. आणि मामा शेजारी बसून विचारणार, काय म्हणून राहिला साहेब? त्या वेळी मी अडखळलो तर? मेल अर्धा लिहून तसाच ठेवला. पाठवला नाही.

दहा-बारा दिवसांनी मामांनी विचारलं, "आलं का काही उत्तर?"

मी म्हणालो, आलं. चालतो म्हणाले.

एवढंच. तीन शब्द. मामांचा चेहरा उजळला. उत्तर आलं नसतं तर त्यांनी त्या पट्ट्या उन्हाळ्यापर्यंत टांगून ठेवल्या असत्या, हे मला ठाऊक आहे. त्यांनी त्या त्याच दिवशी काढल्या आणि त्याच डिंकाने पंखांवर कापड चढवायला घेतलं. पारावर जाऊन सांगितलं, आपल्या सरांनी परदेशातून विचारून आणलं. त्या दिवशी मी मान ताठ करून घरी गेलो — हेही सांगायला हवं.

तुम्हाला वाटत असेल, हीच ती कबुली. मलाही फार दिवस तसंच वाटून घ्यायचं होतं. पण ही ती नाही. हिच्यापुढे अजून एक आहे.

चैत्रात हळद निघालेल्या एका मोकळ्या रानात मामांनी विमान बाहेर काढलं. उडवायचं नव्हतंच, फक्त जमिनीवर पळवून बघायचं होतं. पण सकाळी दहालाच ऊन भाजत होतं, समोरून वारा आला आणि विमान उचललं गेलं. असेल दोन माणसं उंच. बघणाऱ्यांनी आरोळी ठोकली, मीही ठोकली. तेवढ्यात डाव्या पंखावरचं कापड पुढच्या कडेपासून सुटलं आणि भाजल्या पापडासारखं फुगून वर आलं. विमान डाव्या अंगावर पडलं. मामांची मांडी दोन ठिकाणी मोडली.

नांदेडच्या दवाखान्यात मी रोज जात होतो. लोक म्हणायचे, सर किती करतात! पाचव्या दिवशी मामांनी मला जवळ बोलावलं. त्यांनी पडल्या पडल्याच सगळा हिशेब लावला होता. म्हणाले, "शिवण तुटली न्हाई, सर. डिंक उन्हानं लोण्यावानी झाला अन् कड सुटली. तुमी त्या साहेबाला कळवा, तुमचं उत्तर चुकलं म्हणा. दुसऱ्या कुन्या गरिबाला त्यानं हेच सांगितलं तर? मी वाचलो, त्यो वाचायचा न्हाई."

पाय लोखंडात अडकवलेला होता, आणि या माणसाला काळजी कुणाची — तर ज्याला त्याने कधी पाहिलं नाही त्याची.

ती माझी वेळ होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, मामी चहा आणायला गेल्या होत्या. मी म्हणालो, कळवतो.

ते रोज विचारायचे. कळवलं का? काय म्हणला? उत्तर आलं का? मी थकलो. विषय एकदाचा संपावा, एवढंच मला हवं होतं. मग एक दिवस मी मोबाइल उघडला, त्यात बघून वाचल्यासारखं केलं — तेव्हा पडद्यावर आमच्या शाळेचं वेळापत्रक होतं — आणि सांगितलं. मामा, साहेबाचं उत्तर आलंय. ते म्हणतात, डिंक बरोबर होता. लावणाऱ्याचा हात चुकला असेल. कड नीट साफ झाली नसेल.

हे मी केलं. भीतीने आधी एक खोटं बोललो होतो, ते सगळ्यांच्या हातून होतं म्हणून सोडून देता येईल. पण हे मी शब्द जुळवून केलं. ज्या हातांनी माझी पेटी केली, त्या हातांवर दोष टाकला — कारण ते हात उलटून मला काही विचारणार नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं.

 मामा दोन्ही तळवे समोर धरून बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय. तेलाचा हात लागला असंल माझा."

मामी चहा घेऊन आल्या. मी तो प्यालो.

पाय बरा झाला, थोडा आखूड राहिला. विमान शेडच्या मागे होतं, नंतर भंगारात गेलं. मी ते धरून बसलेलो नाही. मामांनी कुकरचं काम सोडलं, ते सांगायचंय. पहिल्याच हंगामात कुकर सांगायला एक जण आला, तर म्हणाले, "वाफेचं काम वसमतला न्या, बाबा. माझ्या हाताचा आता भरवसा न्हाई." आता ते गेट करतात, खिडक्यांच्या जाळ्या करतात, पडलं तरी कुणाला लागणार नाही असं काहीबाही करतात. त्यातही एकेक जोड तीन तीन वेळा हातोडीने ठोकून बघतात. पूर्वी एकदा बघायचे. शेडवरून जाताना तो आवाज मला ऐकू येतो. एक ठोका. दुसरा. मग थोडं थांबून तिसरा.

गावात बोलतात, सरांनी बाहेरून विचारून दिलं होतं, मिस्त्रीनंच कुठं तरी घोटाळा केला. मी समोर असलो तरी बोलतात. मी मान हलवत नाही. पण नाहीही म्हणत नाही.

परवा मामांनी एक कागद वाचायला दिला, अपघातानंतरच्या कुठल्या तपासणीचा. खुर्ची पुसली. मी बसलो, वाचला. त्यातले दोन शब्द कळले नाहीत. मी म्हणालो, सगळं ठीक आहे.

घरी येऊन ते दोन शब्द शोधले. ठीकच होतं. मग हे लिहायला बसलो.

परदेशातून एकही उत्तर आलं नव्हतं. एकही मेल गेला नव्हता. दोन्ही उत्तरं माझी होती. कड साफ होती — मी स्वतः पाहिली होती, मामांनी ती तीनदा पुसली होती आणि हात लागू नये म्हणून कोपराने दार ढकलून आत आले होते. डिंक त्या कापडाचा नव्हता. मारोती मिस्त्रींचा हात चुकला नव्हता.