तावी, टोमॅटोत!

आमच्या तावीला उभ्या जन्मात कधी गप्प बसता आलं नाही. ओटाविया हे नाव बाप्तिस्म्यापुरतं, घरात ती तावीच. मी जेम्मा, तिच्या पाठची. गावात कुणालाही विचारा, म्हणतील, "शाळेची बस चालवायची तीच ना? बाई बोलायला फार!" लोकांचं काय जातंय म्हणायला! ती बोलायची ते कुणासाठी, ते त्यांना काय ठाऊक.

आमचं गाव नदीकाठचं, काचेच्या कारखान्याचं. पापा तिथे भट्टीवर होते. पण उन्हाळ्यातल्या रविवारी, चर्चमधली मिस्सा आणि घरची मॅकरोनी आटोपली की ते कारखान्याचे नाहीत, मम्माचे नाहीत, कुणाचेच नाहीत. व्हरांड्यातली लोखंडी खुर्ची, खिडकीत रेडिओ, आणि रेडिओवर आमचा पिट्सबर्गचा बेसबॉलचा संघ. मम्मा पायरीवर शेंगा सोलत बसायची. तावी कठड्यावर. मी उरल्यासुरल्या जागेत. संघ पुढे असेल तर कुणी जागचं हलायचं नाही. मागे पडला की पापा आमच्या जागा बदलायचे. "जेम्मा, ऊठ तिथून. तू तिथे बसल्यापासून हरतोय आपण."

"पण मला आत जाऊन यायचंय, पापा."

"आपली बॅटिंग संपू दे. तेवढं धर."

पापांना मुलगा नव्हता म्हणून त्यांनी तावीला बेसबॉल शिकवलं, असं आमच्या आत्या म्हणायच्या. ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मुलगा असता तरी काय फरक पडला असता? पापांना सांगायला आवडायचं, तिला ऐकायला आवडायचं, संपलं. भट्टीनं भाजलेल्या बोटांत चेंडू धरून ते दाखवायचे, असा धरला की आत वळतो, असा धरला की ऐनवेळी खाली पडतो. तावी अंगणात केरसुणी घेऊन उभी राहायची आणि नसलेला चेंडू नदीपार मारायची. मिस्सेला लेसच्या रुमालाखाली तिनं संघाची टोपी घातली होती. मम्मानं तिला असा चिमटा काढला की "आमेन"च्या जागी "आई गं" ऐकू आलं. पोरांच्या संघात नाव घालायला गेली तर तिथला माणूस म्हणाला, मुलींनी सरबत आणायचं. तावीनं त्याला जे सुनावलं ते मी इथे सांगत नाही. घरी येऊन मात्र पापांच्या मांडीत डोकं घालून रडली.

आता टोमॅटोंचं सांगते. आमच्यात एक नियम आहे, आणि तो आमच्या घरापुरता नाही, हा खेळ खेळणारे सगळेच पाळतात. चेंडू टाकणाऱ्या पिचरनं समोरच्या एकालाही धड फटका, म्हणजे हिट, मारू दिली नसेल आणि डावांवर डाव तसेच जात असतील, तर ती गोष्ट तोंडातून काढायची नाही. बोललं की दृष्ट लागलीच म्हणून समजा. नऊच्या नऊ डाव तसे काढणं हे पिचरच्या नशिबात एखाद्याच वेळी येतं. रेडिओवरचा माणूससुद्धा अशा वेळी हवापाण्याच्या गप्पा मारतो.

तावी तेव्हा अकरा वर्षांची. ऑगस्टचा रविवार. आमचा पिचर सुटला होता नुसता. सातवा डाव गेला, आठवा लागला. पापांनी टेकून बसणंही सोडलं होतं. मम्माच्या हातातली शेंग हातातच. आणि ही आमची बया कठड्यावरून ओरडली, "पापा! अजून एकालाही हिट मिळाली नाही!"

मम्मानं क्रूसाची खूण केली. पुढच्याच चेंडूला रेडिओतून ठाप्पकन आवाज आला, आणि गेला चेंडू मैदानाच्या पार कोपऱ्यात.

मग पापा रेडिओवरची नजर न काढता म्हणाले, "तावी."

"काय?"

"टोमॅटोत."

व्हरांड्याला लागूनच पापांचा टोमॅटोचा वाफा होता. तिथे जाऊन, आमच्याकडे पाठ करून, कुंपणाकडे तोंड करून उभं राहायचं, ही शिक्षा. "जिभेला हाड नाही ना तुझ्या? मग तिथे बडबड. टोमॅटोंना दृष्ट लागली तर लागू दे."

तेव्हापासून ती रीतच पडली. पाच डाव झाले आणि हिट नसली की पापा अंगठा वाफ्याकडे करायचे. "टोमॅटोत!" तावी हसत कठड्यावरून उडी मारायची. वळून बघायचं नाही, पापा हाक मारतील तेव्हाच यायचं. मग कधी ना कधी हिट बसायचीच, आणि पापा हाक द्यायचे, "ये गं पोरी, झालं वाटोळं!" ती येताना उन्हानं कोमट झालेला टोमॅटो तोडून आणायची. पापांच्या खिशात मिठाची पुडी असायचीच. दोघं अर्धा अर्धा खायचे, रस कोपरापर्यंत. आमच्या व्हरांड्यात हिटेविना नऊ डाव कधीच पुरे झाले नाहीत. मला तर वाटतं, पापांना वाटोळं झालेलंच बरं वाटायचं.

चाळिशी उलटली, केस पिकायला लागले, तरी तावी जायची टोमॅटोत. शाळेची बसही तिनं घेतली ती उन्हाळा मोकळा मिळावा म्हणून, दुसरं काही नाही. मध्ये आर्थर नावाचा एक गृहस्थ आला होता. माणूस चांगला, नोकरी चांगली. पण व्हरांड्यात बसून चौथ्या डावाला त्यानं विचारलं, "हे अजून किती वेळ चालतं?" पापांनी मम्माकडे पाहिलं, मम्मानं तावीकडे. तावी म्हणाली, "तुझं झालं असेल तर तू नीघ." तो गेला. ती त्याच्यासाठी कधी झुरली नाही. झुरली ती दुसऱ्याच गोष्टीसाठी.

एका ईस्टरच्या आसपास पापांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, डोळ्यांत दिसायचं. बोलणं शिकवायला एक बाई घरी यायची. ती म्हणाली, जुनं, सवयीचं काहीतरी काढा, कधी कधी शब्द आपोआप येतो. मम्मानं रोज माळ जपली त्यांच्यासमोर. मी त्यांच्या गावाकडची गाणी म्हटली, माझा आवाज भसाडा, तरी म्हटली. काही नाही. मम्मा रडून घ्यायची, मी भांडी आपटून घ्यायची. तावी आपलं बिऱ्हाड मोडून घरी राहायला आली आणि त्यांच्याशी बोलत राहिली. सकाळपासून बोलायची. कोण जिंकलं, कोण पडलं, शेजारणीचं कुत्रं काय करतं. एकदा स्वयंपाकघरात माझा दंड धरून म्हणाली, "एक शब्द, जेम्मा. शिवी दिली तरी चालेल गं. पण पापांचा आवाज पाहिजे मला."

टोमॅटो लाल झाले तेव्हाची गोष्ट. रविवार दुपार, आम्ही सगळे आपापल्या जागी. आमचा पिचर नवखा होता. पाचवा डाव संपला, हिट नाही. आम्ही तिघींनी सवयीनं पापांकडे पाहिलं. ते रेडिओकडे बघत होते. सहावा गेला, सातवा गेला. मी तावीला ढोसलं. "जा ना टोमॅटोत."

"पाठवलंय का कुणी मला?" ती म्हणाली.

आठव्या डावाला ती कठड्यावरून उतरली. गुडघे धरले होते, हळूहळू उतरली. पापांच्या खुर्चीसमोर कमरेवर हात देऊन उभी राहिली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "पापा! अजून एकालाही हिट मिळाली नाही!"

"मेले, तोंड आवर!" मम्मा किंचाळली.

पापांचा चेहरा लालबुंद झाला. डावा हात खुर्चीवरून उचलला गेला. जबडा हलला, अडला, पुन्हा हलला. "टो," ते म्हणाले. "टो... मॅ... त."

बाहेरच्या माणसाला कळलं नसतं. आम्हाला कळलं. तावी पायऱ्या उतरली, वाफ्यात गेली, पाठ करून उभी राहिली. तिची पाठ गदगदा हलत होती. मम्मानं माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. आणि रेडिओतून तो आवाज आला, ठाप्प. हिट.

आता हाक मारायची होती. पापांनी डावा हात हलवला, ये, ये. तोंड उघडलं. आवाज नाही.

"तावी, ये!" मी म्हटलं. "बोलावतायत तुला."

"मला नाही ऐकू आलं."

"हातानं बोलावतायत गं. वळून बघ तरी."

"वळायचं नाही, असा नियम आहे."

सामना संपला. मम्मानं रेडिओ बंद केला. पापांच्या कपाळावर घाम फुटला होता, हात हलत होता, ओठ हलत होते. तावी उभीच. शेवटी पापांचा हात मांडीवर पडला आणि त्यांनी डोळे मिटले. मला ते बघवेना. मी वाफ्यात गेले, एक टोमॅटो तोडून तिच्या हातात कोंबला आणि तिला दंडाला धरून आणलं. तिनं त्यांच्या खिशातून मीठ काढलं, टोमॅटोचे बारीक तुकडे करून भरवले. हनुवटीवरचा रस आपल्या टोपीनं पुसला.

त्या वर्षीचा हंगाम संपायच्या आत पापा गेले. दुसरा शब्द आलाच नाही.

आता मम्माही नाही. दोघी म्हाताऱ्या त्याच व्हरांड्यात बसतो. लोखंडी खुर्ची जागेवर आहे, तिला कुणी हात लावत नाही. पाच डाव तसेच गेले की तावी कुणी न सांगता उठते, कठडा धरत धरत जाते आणि टोमॅटोत उभी राहते. हिट बसली की मी गप्प राहते. ती हाक माझी नव्हे. तिला वाटेल तेव्हा ती परत येते.

यंदा मात्र ती आलीच नाही. हिट बसून कितीतरी वेळ झाला होता, ऊन रणरणत होतं, तिनं काठीचा आधार धरला होता. न राहवून मी हाक मारली, "ये गं पोरी, झालं वाटोळं!" आणि तोंडून निघाला तो हुबेहूब पापांचा सूर. माझीच मी दचकले.

तावी वळली नाही.

"जेम्मा," ती म्हणाली, "परत एकदा म्हण."

मी परत म्हटलं. मग ती टोमॅटो तोडायला खाली वाकली.